कोरं पेट्रोल

हुडकेश्वरच्या ताराचा राग लोणच्यासारखा होता. मुरायला वेळ घ्यायचा, पण नासायचा नाही.

दिवसभर ती रामदासपेठेतल्या एका वकिलाकडे टायपिंग करायची. घरी आली की वडिलांचा जुना शर्ट चढवून मागच्या पडवीत शिरायची. तिथे वडिलांची, म्हणजे कृष्णकांतरावांची, शंभर सीसीची जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल होती. वडील गेले तेव्हा ती गंजून शेजारच्या कोंबड्यांची बैठक झाली होती. धाकटा भाऊ उन्मेष म्हणाला होता, "भंगारात दे वं ते." पण तिने दिली नाही. लहानपणी वडील गाडी खोलायला बसले की उन्मेष नखं काळी होतील म्हणून पळायचा, आणि हातात पाना द्यायला तारा बसायची.

तेच आठवून तिने गाडी दुरुस्त केली, पण ती चालू झाली तरी बाईचं समाधान होईना. वडील म्हणायचे, टू-स्ट्रोकचा जीव लहान, तिच्या अंगावर ओझं ठेवू नये. म्हणून तिने जाड मडगार्ड उतरवून पातळ पत्र्याचं बसवलं. स्टँडच्या पट्टीला, चेनच्या झाकणाला भोकं पाडली. उतरवलेला एकेक तुकडा भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवून ती हरखायची. शेवटी ऑईलची टाकी आणि पंपही काढला. या गाड्यांत पेट्रोलबरोबर ऑईल जळावं लागतं. पंप असला तर तो आपोआप पाजतो. काढला तर दर वेळी पेट्रोलमध्ये आपल्या हाताने मिसळायचं. विसरलात तर पिस्टन सिलिंडरला चिकटतो आणि इंजिन जाम. बाजूचं झाकण मात्र तिने शोभेला तसंच ठेवलं होतं. आत सगळं पोकळ.

गाडी झळकली तसा उन्मेषही उगवला. कागद त्याच्याच नावावर होते. "पोरीले काय करायची गाडी," म्हणत त्याने ते केव्हाच करून घेतले होते. जुन्या गाड्यांच्या एका क्लबात त्याने छाती फुगवून सांगितलं, "मीच खोलली, मीच हलकी केली." त्याचा व्हिडिओही निघाला. ताराने तो ऑफिसात पाहिला. तिने पाडलेल्या भोकांवरून भाऊ कौतुकाने बोट फिरवत होता, आणि तिच्या कानशिलांत आग उठली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते काही खोटं नाही.

शनिवारी नागोबा घरी आला.

"तारे, उद्या पारशिवनीपर्यंत रॅली आहे. पुण्याचा एक शौकीन येऊन राहिला. त्याने गाडी पळताना पाहिली की सौदा पक्का. चाबी दे वं."

"विकून टाकतं?"

"मग काय पूजा करू तिची?"

ताराने चाबी दिली. टाकीच्या तळाशी ऑईल मिसळलेलं थोडंसं पेट्रोल होतं. तो वाटेत टाकी भरणार, आणि भरणार ते कोरं पेट्रोल. एक वाक्य सांगायचं होतं, ते जिभेवर आलंही. इंजिनाबरोबर चाकही जाम झालं तर हा रस्त्यावर आपटेल, हे तिला दिसत होतं. वडिलांच्या सिलिंडरचं काय होईल तेही दिसत होतं. तो आतून आधीच शेवटच्या मापापर्यंत घासून झाला होता, पुन्हा घासायला त्यात लोखंड उरलं नव्हतं. तिने वाक्य गिळलं.

"सांभाळून जाजो," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फोन आला. कन्हानच्या पुढे गाडी जाम झाली होती, उन्मेषचं कोपर सोललं होतं. तारा छोटा हत्ती टेम्पो ठरवून गेली. कडुनिंबाखाली सगळा क्लब जमला होता. त्यांच्यातले सगळ्यात वडीलधारे रुपराव बाजूचं झाकण उघडून आत पाहत होते.

"पंप तर काढलेला आहे. उन्मेषभाऊ, पेट्रोलात ऑईल कितीक टाकलं?"

"कोणतं ऑईल?" उन्मेष म्हणाला.

मग मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि हसू सगळीकडे पसरलं. ज्याने स्वतःच्या हाताने पंप काढला, त्याने हे विचारणं शक्य नव्हतं. पुण्याचा शौकीन चष्मा पुसत आपल्या गाडीकडे निघून गेला.

उन्मेष बहिणीजवळ आला. "तुले माहीत होतं. काहून नाही सांगितलं?"

"तुले काय सांगाचं गा?" तारा सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "तूच तर बनवली नं!"

परतताना ती ड्रायव्हरशेजारी बसली नाही, मागे गाडीजवळ बसली. किक दाबून पाहिली, ती दगडासारखी घट्ट. वडिलांचा सिलिंडर आपण मारला, या विचाराने तिला रडू फुटलं आणि ती कामठी येईपर्यंत रडली. पण खोटं कशाला बोला, त्या रडण्यातही सूड गोड लागत होता.

आठवड्याने उन्मेषने फोनवर चाचरत विचारलं, "दुरुस्त होईल काय वं?"

"भंगार आहे. तूच म्हणाला होता. भंगाराचे कागद माझ्या नावावर करून दे."

क्लबात तोंड दाखवायची सोय उरली नव्हती. त्याने मुकाट्याने करून दिले.

सिलिंडरच्या आत नवी स्लीव्ह, म्हणजे लोखंडी नळी, बसली आणि गाडी पुन्हा हुडकेश्वरच्या रस्त्यांवर कोकलू लागली. पंप मात्र ताराने आजतागायत बसवलेला नाही.