दगडावरची तीन अक्षरं

एका जागी बसणं ज्याला जन्मात जमलं नाही असा माणूस मी एकच पाहिला, आणि सनीव्हेलमध्ये चार वर्षं मी रोज त्याच्याच शेजारी बसून ऑफिसला गेलो. माझा हा नागपूरचा कारपूलवाला सिग्नल लागला की सीटबेल्ट काढायचा, सुटला की लावायचा. मीटिंगमध्ये उभा, जेवताना फेऱ्या. पोहणं, तबला, घरी पाव भाजणं, प्रत्येक छंद त्याने तीन आठवडे जिवापाड केला आणि मग कॅन्सल केला. अशात एका चिनी सहकाऱ्याच्या घरी त्याला भिंतीवर जुन्या शिलालेखाचा कागदी ठसा दिसला. छिन्नीने तासलेली, टोकदार, रांगडी अक्षरं. "यार, ही अक्षरं बसलेलीच नाहीत, उठायच्या तयारीत आहेत!" तो गाडीत ओरडला. लगेच सहकाऱ्याच्या वडिलांकडे, म्हणजे चिनी काकांकडे, शिकवणी सुरू झाली, आणि महिन्याभरात त्याने ती धाटणी मराठीवर चालवली. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचा बोर्ड त्यानेच रंगवला. शिरोरेषा म्हणजे कुऱ्हाडीचे घाव. मंडळाच्या अध्यक्ष काकू म्हणाल्या, "अरे, हे स्वागत आहे की धमकी?"

त्याच हिवाळ्यात त्या चिनी काकांची बायको गेली. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून काकांचा हात थरथरायचा, मुलाला ब्रश धरता येत नव्हता, आणि थडग्यावर कॉम्प्युटरची अक्षरं काकांना नको होती. ते मुलामार्फत ह्याला म्हणाले, "तिचं नाव तू लिही." गाडीत हा पांढराफटक. "मला चिनी वाचताही येत नाही. चुकलं तर दगडात राहील रे!"

दर शनिवारी तो तिच्या नावाची तीन अक्षरं लिहीत राहिला. एकदा मीही गेलो होतो. खोलीभर रद्द कागद, हा टेबलाशी, मागे काका. काका काहीतरी पुटपुटले, मुलाने सांगितलं, "हात पळतोय म्हणतात. आईला घाई आवडायची नाही."

हा थांबला. "माझ्या आईलाही," म्हणाला. ती गेली तेव्हा तिकीट मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं, हे मला माहीत होतं. मग त्याने नवा कागद घेतला आणि इतक्या सावकाश लिहिलं की माझेच पाय अवघडले. काकांनी तो कागद उचलला आणि छातीशी धरला.

त्याची अक्षरं कोरलेला दगड बसवला त्या दिवशी हा तिथे नव्हता. डॉटकॉमच्या पडझडीत नोकरी गेली, व्हिसाही गेला, तो नागपूरला परतला. मी फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन. "काका काय म्हणाले?"

"खाचेत बोट ठेवून तिन्ही अक्षरं गिरवत होते. पुन्हा पुन्हा."