चौथ्या थराचा फोटो

हे मी बायकोले सांगितलं नाही, भावाले नाही. देवापुढं हात जोडले तेव्हाही हा विषय टाळला — देवाले सगळं माहीतच असते, आपण कशाले उकरायचं? आज तुले सांगून राहिलो. कावून, ते नको विचारू.

छत्तीसगड वेगळं व्हायचं होतं, मध्यप्रदेशच होता तेव्हा. भिलाईत एका खासगी वर्कशॉपमध्ये मी तपासनीस होतो. झिजलेले लोखंडी रोलर आमच्याकडं येत. वेल्डर त्यावर वेल्डिंगनं थरावर थर चढवायचा, रोलर पुन्हा जाड होईपर्यंत. मधात एखादं बारीक भोक राहिलं की वरची सगळी मेहनत पाण्यात. म्हणून प्रत्येक थराचा तिरप्या उजेडात फोटो काढायचा, धुऊन पाहायचा, मगच पुढचा थर — ही अक्कल माझी. नागपूरले मामाच्या फोटो स्टुडिओत वाढलो होतो ना मी! मोठ्या साहेबानं पाठ थोपटली, अन् मले स्वर्ग दोन बोटं उरला.

वेल्डर होता बिसाहू. खुर्सीपारचा, ठेक्यावरचा. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, तरी मले साहेब म्हणायचा. हात असा की त्याले पर्मनंट करायचा कागद वर गेला होता.

त्या रोलरचा चौथा थर झाला. मी फोटो काढला. बिसाहू म्हणाला, मधात वेल्डिंगचा आवाज जरा फुटल्यासारखा वाटला, साहेब, नीट पाहून घ्या. पाहायचं म्हणजे काय — बारा फोटोंचा रोल अंधाऱ्या खोलीत अर्धाच कापायचा, धुवायचा, वाळवायचा. मे महिन्याचं ऊन, अन् माझ्या डोक्यात जेवण आणि डुलकी. रोल कॅमेऱ्यातच ठेवून मी म्हटलं, "ठीक है, चढ़ा दे."

त्यानं चढवला. पाचवा, मग सहावा. मी स्मृति नगरले घरी जाऊन झोपलो.

तिसऱ्या दिवशी रोल धुऊन फोटो छापले. चौथ्या थरात ठिपका होता. काळा, मोहरीच्या दाण्याएवढा.

मी काय करायले पाहिजे होतं? सांगायचं — थर घासून काढा, मी न पाहता हो म्हटलं. इतकंच. साहेब चार शब्द बोलले असते. नोकरी गेली नसती. पण मान खाली गेली असती — अन् ती मले नको होती.

मामाकडं मी एकच काम मनापासून शिकलो होतो. लग्नाच्या पोरीचा फोटो, गालावर देवीचे व्रण. निगेटिव्ह काचेवर ठेवायची, मागून दिवा, टोकदार पेन्सिलनं व्रण भरून टाकायचे. छापला की गाल गुळगुळीत. पोरीचं जमून जाते, कोणाचं काय जाते? तीच पेन्सिल मी त्या ठिपक्यावर फिरवली. हात जरासाही थरथरला नाही. त्याची मले आजही लाज वाटते.

दीड महिन्यानं रोलरचे थर पापुद्र्यासारखे सुटले. कोणाले लागलं नाही, पण ज्यांचा रोलर होता त्यांचं काम ठप्प झालं. मोठ्या साहेबानं सहाही फोटो टेबलावर मांडले. सगळे साफ. मग साहेब म्हणाले, थर चढवायच्या आधी रोलर नीट तापवला नसेल — म्हणजे चूक वेल्डरची. बिसाहूनं चौथा फोटो उचलला, खिडकीपाशी नेला, बराच वेळ पाहिला. मी मनात म्हणून राहिलो, बोल लेका, मी आधीच सांगितलं होतं म्हणून बोल. तो म्हणाला,

"फोटू थोरे लबारी मारही, साहेब. मोरेच हाथ बिगड़ गे हे."

फोटो खोटं थोडंच बोलेल. माझाच हात बिघडला. मी टेबलावरच्या टाचण्या गोळा करत बसलो.

पर्मनंटचा कागद परत आला, ठेकाही गेला. दुसऱ्या वर्कशॉपनं बोलावलं, तर हा गेला नाही. बिघडलेल्या हातानं वेल्डिंगचा होल्डर धरू नये म्हणे. उतईच्या रस्त्याले सायकली दुरुस्त करत बसला. जाताना त्यानं मले एकच गोष्ट मागितली — चौथ्या थराचा फोटो. मी दिला. चांगल्या कागदावर छापून दिला.

चार-पाच वर्षांनी पोरीच्या लग्नाचं बोलावणं घेऊन स्वतः घरी आला. न जाऊन कसं चालते? गेलो. भिंतीवर तो फोटो, फ्रेम करून. पाहुण्यायले दाखवून तो सांगत होता — माझे कान म्हणत होते भोक आहे, अन् पाहा, थर किती साफ. तेव्हापासून मी आपल्या कानांचंही ऐकत नाही. हे साहेब, यांनीच काढला. सगळे माझ्याकडं कौतुकानं पाहून राहिले. मी बुंदी खाल्ली. वर म्हटलं, हो, फोटो चांगला आला होता.

बिसाहू गेला त्याले आता बरीच वर्षं झाली. निगेटिव्ह माझ्या कपाटात आहे. ओला कापूस फिरवला की पेन्सिल निघून जाते, हेही मामानंच शिकवलं होतं. मी फिरवला नाही.