माझ्या डब्यातली अंबाडी

"तुमचा चार्ट काही चालत नाहीये," डॉक्टर मॅडमनी वंदनाचा रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला. सहावा महिना, आणि हिमोग्लोबिन सव्वाआठ. "आठव्या महिन्यात दहाच्या वर आलं नाही, तर अमरावतीला रेफर करावं लागेल."

मी तेव्हा अचलपूरच्या सरकारी दवाखान्यात डायटीशियन होते. पेशंटने काय खावं ते सांगायचं, हे माझं काम. वंदनाचं घर भाजीपाला पिकवणारं. नवरा मळ्यात, सासू बाजारात. अमरावतीला तिच्याजवळ थांबायला माणूस नव्हतं. आणि अंगात इतकं कमी रक्त असताना बाळंतपण म्हणजे जिवाशी खेळ.

"मॅडम, तुमी लिवलं तसंच खाऊन राहिली मी," वंदना म्हणाली.

मला तिचा रागच आला. पेशंट ऐकत नाहीत, हे आमच्या धंद्यातलं आवडतं वाक्य. त्यात आपला दोष शोधावा लागत नाही.

संध्याकाळी अमरावतीची एसटी पकडण्याआधी मी स्टँडजवळ भाजी घ्यायला थांबले. तिथल्या एका म्हातारीकडची अंबाडी मला फार आवडायची. महिनाभर माझ्या डब्यात तीच असे. कापसाला भाव नसलेली ती वर्षं. बाजारात गिऱ्हाईक कमी, म्हणून आजी मला पाहिलं की खूश.

"घ्या बाई, शेवटच्या दोन जुड्या. तुमी नेल्या का मी मोकळी."

"एवढी घाई कसली?"

"सुनेले सफरचंद न्याचं हाय. पोटुशी हाय ना. दवाखान्यातल्या मॅडमनं लिवून देलं." तिने कमरेच्या पिशवीतून घडी केलेला कागद काढला. माझाच चार्ट होता, वर वंदनाचं नाव.

"घरी अंबाडी ठेवत नाही का?"

"ठेवून कसं जमन? समदी इकली तवा सफरचंद येते. डाळ बी आता एकाच सांजेले करतो. अन् अंबाडी तं रोजचीच. तिच्यात कायची ताकद? ह्या कागदावर हाय का ते सांगा."

नव्हती. सफरचंद, डाळिंब, बीट. पुण्याच्या कॉलेजातल्या वहीवरून मी ते जसंच्या तसं उतरवलं होतं. लाल खाल्लं की रक्त वाढतं, असा लोकांचा समज. सफरचंदात लोह नावापुरतंच असतं. रक्ताला लागणारं लोह त्या हिरव्या जुड्यांत होतं, नि त्या महिनाभर मी खात होते. मला मनापासून लाज वाटली.

"आजी, ती मॅडम मीच."

तिने मला खालून वर पाहिलं. "मंग तुमी सफरचंद काहून नाई खात?"



मी दोन्ही जुड्या तिच्या टोपलीत परत ठेवल्या. एसटी सोडली आणि तिथेच पोत्यावर बसून चार्टच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. ज्वारीची भाकर. अंबाडी नाहीतर मेथी. डाळ दोन्ही वेळा. मूठभर भिजवलेले हरभरे, वर लिंबू पिळून, कारण लिंबाने लोह अंगी लागतं.

"दवाखान्यातल्या गोळ्या घेते ना ती?"

"घेते ना. चहासंगं घेते."

हा दुसरा घोळ. चहा लोह अंगी लागू देत नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर आणि चहा दोन तासांनी, असं मी ठळक अक्षरात लिहिलं.

आजीने सगळं माझ्याकडून वाचून घेतलं. "हे तं आमचंच जेवन हाय."

"हो."

"मंग दवाखान्यात कायले याचं?"

"गोळ्यांसाठी."

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांना म्हटलं, हे चार्ट रद्द करा.

"गठ्ठे छापून पडलेत मॅडम."

"साहेब, ते संपेपर्यंत बायका भाजी विकून सफरचंद आणतील."

साहेबांनी एक कागद उलटून पाहिला. "मागची बाजू कोरी आहे. तिकडे लिहा, पुढची खोडा." सरकारी नोकरीत याला मोठा विजय म्हणतात.

पुढच्या तपासणीला वंदना नऊच्या वर गेली. आठव्या महिन्यात दहा पूर्णांक दोन. डॉक्टर मॅडमनी रेफरचा कागद फाडला. वंदना आमच्याच दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी, रडणारी, ठणठणीत. मला इतका आनंद झाला की मीच स्टाफला पेढे वाटले.

तेव्हापासून मी पेशंटला आधी विचारते, घरी काय पिकतं आणि त्यातलं काय विकता. काय खाता, हे नंतर.

वंदना बाळंत झाली त्याच आठवड्यात स्टँडजवळ गेले, तर ओल्या गोणपाटाखाली दोन जुड्या दिसल्या. मी हात घातला. आजीने जुड्या बाजूला सरकवल्या.

"त्या नाई भेटत. त्या घरच्या हाय."

त्या दिवशी मी बटाटे नेले.