लीलाताईंनी साधी गोळी निवडली

गोविंदपुऱ्यात लीला तारे यांचं ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळायचं वर्कशॉप आहे. यजमान गेले तेव्हा सगळ्यांनी ते विकायचा सल्ला दिला. लीलाताईंनी उलट शेजारचा गाळाही घेतला. मशीनचा आवाज जरा बदलला की हातातलं काम टाकून उठणारी ही बाई स्वतःच्या दुखण्याकडे मात्र कधी नीट बघत नसे. लघवीला जळजळ झाली की केमिस्टकडून अँटिबायोटिक मागवायचं, बरं वाटलं की सोडून द्यायचं. असं कित्येक वर्षं चाललं होतं.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी वर्कशॉपमध्येच त्यांना हुडहुडी भरली. फोरमन दिलीपला त्या 'नितीन' म्हणून हाका मारू लागल्या. नितीन म्हणजे त्यांचे वारलेले यजमान. दिलीपने घाबरून त्यांच्या मुलीला फोन लावला.

"जुई दीदी, मॅडम होश में नहीं लग रहीं. जल्दी आइए."

हबीबगंजजवळच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत रक्तदाब फार खाली गेला होता. डॉक्टर क्षितिजा रिसबूड मूळच्या ग्वाल्हेरच्या. त्यांनी जुईला मराठीतच सांगितलं, "लघवीतला संसर्ग अंगभर पसरलाय. याला सेप्सिस म्हणतात. कोणते जंतू आहेत आणि कुठलं औषध चालेल ते कळायला रक्त आणि लघवी कल्चरला पाठवली आहे, पण रिपोर्टची वाट बघायला वेळ नाही. अँटिबायोटिक सुरू केलंय."

दुसऱ्या दिवशीही रक्तदाब सावरेना. मग लॅबमधून कळलं, की हे जंतू चालू औषधाला दाद देत नाहीत. डॉक्टरांनी तेव्हाच औषध बदललं. अगदी गरज पडली तरच द्यायचं म्हणून राखून ठेवलेलं, जास्त ताकदीचं इंजेक्शन सुरू झालं. हळूहळू लीलाताई शुद्धीवर आल्या. पहिला प्रश्न होता, "जबलपूरचा माल गेला का?"

जुई रडत रडत हसली.

कल्चरचा पूर्ण रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "आता इंजेक्शन थांबवू. एक जुनं, साधं औषध या जंतूंवर चालतंय. गोळी देता येईल."

जुई उसळली. "आई मरता मरता वाचली आणि तुम्ही साधी गोळी देताय? इतकी रिस्क कशाला? जे सूट झालंय तेच चालू ठेवा ना!"

"जास्त ताकदीचं म्हणजे जास्त चांगलं, असं नसतं. गरज नसताना चालू ठेवलं, तर काकूंच्या पोटातले बाकीचे जंतूही त्याला सरावतील. पुढे पुन्हा वेळ आली, तर माझ्याकडे द्यायला काय उरेल?"

लीलाताई उशीला टेकून ऐकत होत्या. "जुई, आजारी मी आहे. मला विचार." मग डॉक्टरांकडे वळल्या. "चालणार याची खात्री आहे?"

"रिपोर्टवरून तरी आहे. आणि मी रोज बघणारच आहे."

"मग गोळी द्या."

दुसऱ्याच दिवशी सकाळी ताप आला. "बघितलंस, आई?" जुईचा आवाज चढला. "बोलले होते मी! डॉक्टर, इंजेक्शन परत लावा."

डॉक्टरांनी घाई केली नाही. रक्तदाब, नाडी, लघवी, सगळं ठीक होतं. मग त्यांनी हातावरच्या सलाइनच्या सुईची पट्टी सोडवली. सुई होती तिथली शीर लाल होऊन सुजली होती; ताप त्यानेच आला असावा. सुई काढली, पुन्हा रक्त तपासायला पाठवलं, गोळी तीच ठेवली. संध्याकाळी ताप उतरला, रक्तातही पुढे काही निघालं नाही. जुई डॉक्टरांना 'सॉरी' म्हणाली. लीलाताईंनी खिचडी मागवली आणि बेचव आहे म्हणून नर्सशी हुज्जत घातली.

घरी आल्यावर अंगात पूर्वीची ताकद नव्हती. जिना चढताना धाप लागे, नेहमीचे आकडे आठवत नसत. सेप्सिसनंतर असं बरेच महिने राहू शकतं, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. लीलाताईंनी ऑफिस तळमजल्यावर हलवलं, अर्धा दिवस काम सुरू केलं आणि जुईला बँकेतली नोकरी सोडायला लावण्याऐवजी दिलीपला मॅनेजर केलं.

उन्हाळ्यात विदिशाहून मोठी ऑर्डर आली. दिलीप म्हणाला, "मॅडम, अभी मना कर दें?"

"क्यों?" लीलाताई म्हणाल्या. "तारीख आगे की माँगो. काम हम ही करेंगे."