चौकातली दोन मिनिटं

बंगळूरमध्ये हवं ते मिळतं म्हणतात. दोन मिनिटं शांतता मिळत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही, मागून बघितली आहे म्हणून सांगते. के. आर. पुरमच्या आमच्या चौकात मी ती दुकानादुकानात जाऊन मागितली, आणि लोकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांचं दुकानच मागतेय.

चौकाच्या कोपऱ्यात, बसथांब्याच्या मागे, काळ्या ग्रॅनाइटचा एक खांब आहे. उंची माझ्या खांद्याएवढी. त्यावर आमच्या वस्तीतल्या तीन मुलांची नावं कोरलेली आहेत. तिघेही सैन्यात गेले, तिघेही परत आले नाहीत. शेवटचं नाव माझ्या धाकट्या भावाचं. तो बर्फात गेला, सीमेवरच्या एका ठाण्यावर. वस्तीने तिघांसाठी मिळून वर्षातला एक दिवस ठरवला आहे. त्या दिवशी सकाळी झेंडा लागतो, आजूबाजूचे निवृत्त जवान जुन्या कोटांवर पदकं लावून येतात, जवळच्या शाळेची पोरं फुलं घेऊन येतात. हार वाहतात, एखादं भाषण होतं, मग दोन मिनिटं मौन, आणि शेवटी उपीट आणि कॉफी. मारतहळ्ळीच्या बसची वाट बघणारे लोक पाठीवरच्या बॅगा सांभाळत हे सगळं बघतात, काही जण उपीटही खातात. आमची हरकत नसते.

पहिल्या रांगेत तीन खुर्च्या असायच्या, तीन आयांसाठी. त्यातलं एक कुटुंब घर विकून मुलीकडे निघून गेलं. दुसरी आई वारली. आता एकच खुर्ची उरली आहे, तिच्यावर माझी आई बसते. काचबिंदूने तिची दृष्टी पूर्ण गेली आहे. मी तिला हाताला धरून आणते, खांबावरच्या नावावर तिचा हात टेकवते, मग खुर्चीत बसवते. ती येते म्हणून बाकीचे येतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी जन्मभर शाळेत पी.टी. शिकवली. माझ्या एका शिट्टीवर अख्खं मैदान गप्प व्हायचं. त्यामुळे गेल्या वर्षी जे झालं त्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या कार्यक्रमाचा सगळा भार एका निवृत्त सुभेदारांवर असतो. मूळचे बेळगावकडचे, कडक इस्त्रीचे, घड्याळाचे पक्के. त्यांनी खणखणीत आवाजात मौन जाहीर केलं आणि नेमका त्याच क्षणी समोरच्या ज्यूसवाल्याने मिक्सर लावला. तो थांबतोय तोवर पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर धडधडायला लागला. ऑटोस्टँडवर भाड्यावरून जुंपली. आणि प्रमुख पाहुण्यांच्या खिशात फोन वाजला, तोही लग्नाच्या वरातीतलं गाणं. आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की तिच्या बोटांचे वळ उठले.

घरी आल्यावर चप्पल काढतानाच ती म्हणाली, "पुढच्या वर्षी मी येत नाही बघ."

"का गं?"

"ती दोन मिनिटं मला सोसत नाहीत. बाकी सरी आहे, ठीक आहे सगळं. ती दोन मिनिटं नकोत."

आमचं घराणं इथं किती पिढ्यांपासून आहे ते आम्हालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड आणि भांडताना दोन्ही. आईशी मी दोन्ही भाषांत भांडून बघितलं. ती बधली नाही. मुलाच्या नावाने दोन मिनिटंही ह्या गावाला गप्प बसता येत नाही, हे तिला सोसत नसणार, अशी माझी खात्री झाली. मला स्वतःलाच ते सोसलं नव्हतं.

मी सुभेदारांना हे सांगितलं. ते म्हणाले, "अज्जी नाही आल्या तर आम्ही सलाम कुणासमोर ठोकायचा ओ बाई? खांबाला? खांब काय, तिथं असतोच की रोज."

"आई येणार," मी म्हटलं. "मी तुम्हाला शांतता आणून देते. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी."

आणि मी हट्टाला पेटले.

ज्यूसवाला माझाच जुना विद्यार्थी. शाळेत कधी रांगेत सरळ उभा राहिला नाही. "मिस, एरडु निमिष म्हणजे दोन मिनिटंच ना? पण सकाळची गिऱ्हाइकं असतात," तो कुरकुरला.

"दोन मिनिटांत तुझं गिऱ्हाईक तहानेने मरत नाही," मी म्हटलं, "आणि मेलंच तर त्याचंही नाव खांबावर घालू." तो हसला आणि कबूल झाला. पंक्चरवाल्याने समजावून सांगितलं की कॉम्प्रेसर टाकीतली हवा कमी झाली की आपोआप सुरू होतो, तो आधीच बंद करून ठेवावा लागेल. ठेव म्हटलं. ऑटोस्टँडवर मला मान आहे, त्यांच्या निम्म्या पोरांना मी पळायला शिकवलंय. "आयतु, अक्का," झालंच समजा, एवढंच म्हणून त्यांनी विषय संपवला. खांबाशेजारच्या झाडाखाली एक इस्त्रीवाला गाडी लावतो. कोळशाची जड इस्त्री कपड्यावर आपटायची त्याची सवय, शिवाय गाडीवर दिवसभर रेडिओ. तो भिडस्त माणूस. त्याला मी जरा जास्तच दटावलं असेन. "रेडिओ नाही, इस्त्री नाही, खोकला आला तर तोही गिळायचा. एक आवाज काढायचा नाही." त्याने मान हलवली.

सिग्नलवरचा हवालदार मात्र नियम सांगायला लागला. गाड्या अडवायच्या म्हणजे वरून आदेश लागतो म्हणे. "एखादा मंत्री जायचा असला की तू आम्हाला सगळ्यांना उन्हात उभं करतोस की नाही?" मी विचारलं. "तेव्हा आम्ही किती वेळ थांबतो? मग ह्या तिघांसाठी दोन मिनिटं धर." तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "स्वल्प हळू बोला ना मॅडम." पण धरतो म्हणाला.

राहिली रेल्वे. स्टेशन जवळच, गाडीचा भोंगा थेट चौकात ऐकू येतो. मी स्टेशनच्या चौकशीच्या खिडकीवर गेले. आतल्या बाईंनी विचारलं, कुठली गाडी? मी म्हटलं, कुठलीच नाही, मला दोन गाड्यांच्या मधली जागा हवी आहे. त्यांनी मला पुढच्या खिडकीवर पाठवलं, पुढच्याने मागच्या खिडकीवर. शेवटी सुभेदार स्वतः चार सकाळी खांबापाशी उभे राहिले, कान देऊन, आणि भोंगा कधी वाजत नाही ते शोधून काढलं. आमच्या कार्यक्रमाची वेळ त्या हिशेबाने थोडी मागे सरकली.

आईला आणणं त्या सगळ्यांपेक्षा जड गेलं. "ह्या वर्षी बघ तू," मी रोज सांगायचे. "सगळं कसं शांत असेल." कार्यक्रमाच्या सकाळी मी तिची मोतिया रंगाची साडी काढून पलंगावर ठेवली. ती साडीवर हात फिरवत बसली आणि म्हणाली, "तू एवढं फिरलीस. तुझ्यासाठी येते." मला ते लागलं. पण आली, हे महत्त्वाचं, असं मी स्वतःला समजावलं.

झेंडा लागला. हार वाहिले. आईचा हात मी नावावर टेकवला. पोरं रांगेत होती, पाहुण्यांचा फोन मी आधीच त्यांच्या हातातून काढून घेतला होता. सुभेदारांनी घड्याळाकडे बघितलं आणि मौन जाहीर केलं. हवालदाराने हात वर केला. मिक्सर नाही, कॉम्प्रेसर नाही, हॉर्न नाही, रेडिओ नाही. ऑटोवाले गाड्यांतून उतरून उभे होते. मी ह्याच वस्तीत जन्मले, पण त्या चौकात झाडाची पानं वाजतात हे मी पहिल्यांदा ऐकलं. अभिमानाने माझी छाती भरून आली. जमलं, मी मनात म्हटलं. तुझ्यासाठी जमवलं रे.

आई खुर्चीतून उठली.

मला वाटलं, मान द्यायला उभी राहतेय. पण तिने दोन्ही हात पुढे केले, अनोळखी खोलीत भिंत शोधावी तसे, आणि चेहरा इकडून तिकडे वळवायला लागली. मी तिचा दंड धरला तर ती दचकली. मग त्या टाचणीच्या शांततेत तिने मोठ्याने विचारलं, "गेले का? सगळे गेले का?"

कुणी हललं नाही. मौन मोडायचं नसतं. सुभेदार ताठ उभे, नजर समोर. तिने पुन्हा विचारलं, ह्या वेळी कन्नडमध्ये. "यल्लारू होदरा?"

रस्त्याच्या पलीकडून उत्तर आलं. "इल्ले इद्दीवि, अज्जी!" ज्यूसवाला. इथंच आहोत, आजी.

मग पंक्चरच्या दुकानातून, "इद्दीवि अज्जी!" ऑटोस्टँडवरून तीन-चार आवाज एकदम. शाळेची पोरं तर संधीच शोधत होती, त्यांनी एका सुरात आरोळी ठोकली. हवालदाराने हात वरच ठेवून म्हटलं, "मीही आहे, अज्जी." बसथांब्यावरची एक मुलगी, जिला आमच्यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं, हिंदीत म्हणाली, "हम भी हैं." शेवटी सुभेदारांनी ताठ मानेने, नजर न हलवता, हजेरी द्यावी तसं म्हटलं, "आहे, आई."

आई प्रत्येक आवाजाकडे तोंड फिरवत होती. हात हळूहळू खाली आले. सगळ्यांचं बोलून झालं तरी ती कान देऊन उभीच होती. ती कुणाच्या आवाजासाठी थांबली होती ते मला ठाऊक होतं. मीही त्याच आवाजासाठी थांबले होते, आणि तो येणार नाही हे माहीत असूनही थांबले होते. मी रडले. पी.टी.ची बाई शाळेच्या पोरांसमोर रडली, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

"बरं," आई म्हणाली आणि बसली. हवालदाराने हात खाली केला आणि सगळे हॉर्न एकदम वाजले.

घरी आल्यावर मी तिला पाणी दिलं आणि विचारलं. तिने साधंच सांगितलं. "दिसत होतं तेव्हा ठीक होतं गं. सगळे उभे असलेले दिसायचे. आता लोक गप्प झाले की मला वाटतं, गेले. तो गेला तसेच. गेल्या वर्षी निदान तो मिक्सर तरी होता." मी ज्याला वर्षभर शिव्या घातल्या त्या मिक्सरला धरून ती बसली होती.

संध्याकाळी सुभेदार आले. कोट काढून, साध्या शर्टात. मौन मोडलं म्हणून ते मनातून अस्वस्थ असतील असं मला वाटलं होतं, आणि मी भांडायच्या तयारीत होते. पुढच्या वर्षीपासून मौन नको, आधी तिघांची नावं मोठ्याने घ्या, मग आईला विचारू द्या आणि सगळ्यांनी जिथं असतील तिथून उत्तर द्या, असं मी एका दमात सांगून टाकलं. ते म्हणाले, "मौन सोडायचं नाही, बाई. ते त्या पोरांचं आहे. पण अर्धंच ठेवू. उरलेलं अर्धं अज्जींचं." हे मला पटलं. वाद घालायला काही उरलंच नाही, ह्याचं थोडं वाईटही वाटलं.

आई आतून ऐकत होती. "मी येते," ती म्हणाली. "पण त्या इस्त्रीवाल्याला काय झालंय बघ. सगळे बोलले, त्याचा आवाज नाही आला. बरा आहे ना तो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडाखाली गेले. तो तिथंच होता, धडधाकट, कुणाच्या तरी शर्टाची कॉलर दाबत होता. काल कुठं होतास, मी विचारलं. इथंच होतो, गाडीजवळ उभा होतो, तो म्हणाला. अज्जींनी विचारलं तेव्हा ओठांपर्यंत आलं होतं.

"मग बोलला का नाहीस?"

त्याने इस्त्री बाजूला ठेवली. "तुम्हीच सांगितलं होतं ना अक्का, एक आवाज काढायचा नाही."

"पुढच्या वर्षी ती पुन्हा विचारेल," मी म्हटलं. "तेव्हा सगळ्यांत आधी तू बोलायचं. आणि आत्ता तो रेडिओ लाव, तिला खिडकीतून ऐकू येतो."