संस्थान सोडणारा राजा

संस्थानं विलीन होत होती त्या वर्षांत आमच्या बुऱ्हाणपुरात राजा नव्हता; म्हणून गणपतीच्या नाटकात आम्ही एक उभा केला. नाटक मीच लिहिलेलं, बसवतही मीच होतो. शेवटच्या प्रवेशात म्हातारा राजा विलीनीकरणाच्या करारावर सही करतो. राजाचं काम करणाऱ्या कारकुनाला मी रोज एकच सांगायचो, "भाव आणा, चेहऱ्यावर भाव!" दिग्दर्शन म्हणजे हेच, अशी माझी समजूत होती.

प्रयोग तोंडावर आला आणि त्याची खकनारला बदली झाली. त्याच्या चेहऱ्यावर भाव मी पहिल्यांदा तेव्हाच पाहिला. आनंदाचा.

राजाची भाषणं मलाच पाठ, तेव्हा मीच उभा राहिलो. तालमीत माझ्या दिग्दर्शकाच्या खुर्चीवर आमचे प्रॉम्प्टर, गणिताचे मास्तर, बसले. मी लेखणी उचलली तोच ते ओरडले, "भाव आणा, भाऊ!"

"कसला?"

"दुःखाचा. पण राजाच्या दुःखाचा. आणि वरून थोडा देशाभिमान."

सगळे माझेच शब्द. मी भुवया चढवल्या, ओठ चावला, छाती फुगवली. प्रधानाचं काम करणारा शिंपी काळजीनं म्हणाला, "पोट दुखतंय का?"

घरी बायकोपुढे रडगाणं गायलो. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "अहो, आमच्या जसोंडीच्या मामांनी वाटणीत केळीचा मळा धाकट्या भावाला दिला ना, तेव्हा ते रडले-बिडले नाहीत. आलेल्या पंचांना नुसते विचारत फिरले, जेवले का, जेवून जा. शेवटी मामीनं हात धरून बसवलं त्यांना."

प्रयोगात सहीच्या आधी मी दिल्लीहून आलेल्या अधिकाऱ्याला विचारलं, "जेवून आलात का?"

हे वाक्य नाटकात नव्हतंच. अधिकारी गोंधळून खरं तेच बोलला, "नाही."

"मग जेवून जा," म्हणालो आणि सही केली. शनवारा चौकात बसलेल्या पब्लिकचे शेंगा सोलणारे हात थांबले. माझं चेहऱ्याकडे लक्षच नव्हतं.

मंडळाचे अध्यक्ष मात्र भडकले. "राजा जेवणाचं विचारतो? खानावळ है क्या?"

पुढे मुंबईत मी काही सिनेमे दिग्दर्शित केले. नटांकडे भाव कधी मागितला नाही. तुम्हाला समोरच्याकडून काय हवंय आणि हातात काय आहे, एवढंच त्यांना सांगायचो. सिनेमे पडायचे ते पडलेच. त्यातले नट अजून घरी येतात. निर्माते रस्त्यात ओळख देत नाहीत.