पटावरचे पाहुणे

पेढ्यांचा बॉक्स माझ्या टेबलावर ठेवून इंजिनिअर साहेब म्हणाले, "मॅडम, आमच्या आर्यानं तुमच्या शाळेचं नाव काढलं."

त्यांच्या मागे चष्मा लावलेली एक उंच मुलगी उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. मी पाचवीची वर्गशिक्षिका आणि ती माझ्या वर्गातली विद्यार्थिनी. आम्ही दोघी एकमेकींना ओळखत नव्हतो.

"नमस्ते मॅडम," ती म्हणाली. मग इकडेतिकडे पाहून तिनं हळूच विचारलं, "पाचवीचा वर्ग कोणता?"

काय सांगू कपाळ! दोन खोल्यांची आमची शाळा. पोरगी गुणाची होती, तिच्यावर माझा राग नाही, हे आधीच सांगून ठेवते. राग कोणावर आहे, ते पुढं येईलच.

आर्या निवासी विद्यालयात लागली होती. सहावीपासून बारावीपर्यंत राहणं, जेवण, पुस्तकं सगळं सरकारचं, आणि शिकवणी शहराच्या तोडीची. प्रवेशाची परीक्षा पाचवीत असते. बहुतेक जागा खेड्यातल्या मुलांसाठी राखीव. खेड्यातलं मूल म्हणजे कोण? तर ज्यानं तिसरी, चौथी, पाचवी खेड्यातल्या शाळेत केली ते. आर्या राहायची घाटंजीत, शिकायची तिथल्याच इंग्लिश शाळेत, आणि क्लासला जायची यवतमाळला. पटावर मात्र तीन वर्षं आमच्याकडे.

त्याच निकालात कांचन प्रतीक्षा यादीत पहिली होती. कांचन आमच्याच गावची, माझ्या डोळ्यासमोर बसणारी. तालुक्यातली एक मुलगी गळाली की तिची जागा कांचनला. म्हणजे गळायला आर्याच हवी होती, दुसरं कोण गळणार?

साहेबांना हेडमास्तरांचं प्रमाणपत्र पाहिजे होतं, 'सदर विद्यार्थिनी आमच्या शाळेत तीन वर्षं शिकली' असं. हेडमास्तर राठोड सर त्या दिवशी मीटिंगला गेले होते. "सर सोमवारी येतील," मी म्हटलं आणि पेढ्यांचा बॉक्स त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो परत माझ्याकडे सरकवला.

आता हे पटाचं काय प्रकरण आहे, ते सांगते. पट म्हणजे शाळेत नाव असलेली मुलं. पटावर शिक्षक मंजूर होतात. पट ठरावीक आकड्याखाली घसरला की एक शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो. म्हणजे जास्तीचा. मग त्याला उचलून दुसऱ्या शाळेत टाकतात, आणि पाच वर्ग एकाच माणसाच्या गळ्यात.

कांचन तिसरीत गेली त्या वर्षी आमचा पट घसरला. बोंडअळीनं लागोपाठ कापूस खाल्ला होता. कोणी वणीकडे कोळशाच्या ट्रकवर गेलं, कोणी नागपूरला बांधकामावर. माणसं गेली तशी लेकरंही गेली. राठोड सर आणि मी, दोघंच शिक्षक. त्यात मी मागून आलेली, म्हणजे अतिरिक्त ठरणार मीच.

त्या वेळी शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष होते देविदासभाऊ. कांचनचे वडील. धाब्यावर बसून गप्पा हाणणारा अध्यक्ष नव्हता तो. शाळेची टाकी स्वतः धुवायचा. त्यांनी सभेत सांगितलं, "मॅडम गेल्या तर आपल्या पोट्ट्याईले शिकवन कोन? राठोड सर एकटे का का करतीन? मी पाहतो."

आणि त्यांनी पाहिलं. मोटारसायकल काढून घाटंजीला गेले, ओळखीपाळखीच्या लोकांना भेटले. "नाव फक्त आमच्या शाळेत लावा, पोरगं तुमचं तुमच्या घरी शिकू द्या." गावोगाव हेच चालायचं. अशा मुलांना आमच्याकडे 'पाहुणे' म्हणत. देविदासभाऊंनी चार पाहुणे आणले. त्यांतली एक आर्या. शहरातले लोक इतक्या आनंदानं का तयार झाले, हा प्रश्न गावात कोणाला पडला नाही. मी सरांना म्हटलं होतं, "सर, हे बरं दिसत नाही." सर म्हणाले, "मॅडम, तुम्हाला जायचं आहे का?" मला जायचं नव्हतं.

एकदा तपासणी आली, तेव्हा पाहुण्यांना आणावं लागलं. पांढऱ्या गाडीतून तिघं उतरली, आर्या तेवढी क्लासमुळे आली नाही. गणवेश इतका कोरा की त्याच्या घड्याही मोडलेल्या नव्हत्या. खिचडी वाढली तर एकानं दप्तरातून स्टीलचा चमचा काढला. आमची पोरं हाताचा घास तसाच धरून बघत राहिली. तपासणीवाले साहेब पण हसले आणि शेरा लिहून गेले, 'उपस्थिती समाधानकारक.' म्हणजे कोणाला माहीत नव्हतं असं नाही हो. सगळ्यांना माहीत होतं.

आणि हेही खरं की मी राहिले म्हणून कांचन शिकली. आमची शाळा पाचवीपर्यंत. पुढची शाळा मोठ्या गावात, एसटी तिकडे जात नाही, मधे नाला. पावसाळ्यात नाला भरला की रस्ता संपला. आमच्या गावातल्या मुलींचं शिक्षण पाचवीतच सुटायचं. कांचनची मोठी बहीण अशीच सुटली आणि कापूस वेचणीला लागली. म्हणून ही परीक्षा. कांचनसाठी ते एकच दार होतं.

दोन वर्षं मी तिच्या मागे लागले. रविवारीसुद्धा. बुद्धिमत्तेच्या पेपरात आरशातल्या आकृत्या असतात. तिला त्या जमेनात, तेव्हा कागद खिडकीच्या उजेडात उलटा धरून तिनं स्वतःच युक्ती काढली. मग पुढं कागदाची गरजच राहिली नाही, नुसतं पाहून सांगायची. वेचणीच्या दिवसांत बोंडांची टोकं लागून तिची बोटं फुटलेली असत. पेन्सिल धरताना तोंड वाकडं करायची, पण धरायची. मी ओरडले की म्हणायची, "मॅडम, तुमी चिल्लावू नका, मले समजून राह्यलं." मला ती पोरगी आवडायची. उगाच आडपडदा कशाला ठेवू, माझ्या उभ्या नोकरीत तशी दुसरी भेटली नाही.

सोमवारी राठोड सर आले. मी दारातच उभी.

"सर, आर्याच्या फॉर्मवर तुम्ही सही केली होती?"

"केली होती. पटावर आहे पोरगी. नाही कशी म्हणणार?"

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय करणार होता? चिल्लावला असता."

"आता प्रमाणपत्रावर सही करू नका. तुम्ही सही नाही दिली की ती जागा कांचनची."

सर खुर्चीवर बसले. रिटायरमेंटला थोडेच महिने राहिले होते त्यांचे. माणूस वाईट नव्हता, भ्यालेला होता. म्हणाले, "मॅडम, मी इंजिनिअर साहेबांशी फोनवर बोलून पाहिलं. ते म्हणाले, 'काही हरकत नाही सर. मी फक्त वर लिहून विचारतो, माझी मुलगी शिकलीच नाही तर तीन वर्षं तुमच्या पटावर कशी?' बघा, किती गोड बोलतात."

मी तशीच निघाले, थेट पंचायत समितीत. आमचे शिक्षणाचे साहेब जेवणाचा डबा उघडून बसले होते. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. पोळीचा तुकडा मोडत म्हणाले, "लेखी तक्रार द्या. आजच चौकशी लावतो."

मला वाटलं, झालं काम.

"पण आधी ऐका," ते म्हणाले. "चौकशीत पट खोटा निघेल. राठोड सस्पेंड होतील. तुम्ही अतिरिक्त, तुम्हाला झरीकडे टाकतील नाहीतर उमरखेडला. शाळा एकशिक्षकी. बाकीचे पालक पोरं काढून नेतील. मग शाळा बंद करायच्या यादीत."

"आणि कांचन?"

"चौकशीला वेळ लागतो, मॅडम. तोवर प्रवेशाची मुदत संपेल. तिला जागा भेटेलच याची गॅरंटी मी देत नाही."

"म्हणजे शाळाही जाणार आणि जागाही?"

"मी तक्रार नको म्हटलं का? द्या ना." आणि त्यांनी भाजीचा डबा माझ्यापुढे केला. "घ्या, वांग्याची आहे."

वांगी! मी दाणदाण जिना उतरले. रागानं, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत समितीची सभा झाली. निम्मं गाव आलं होतं, बायाही होत्या. मी पंचायत समितीतल्या साहेबांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. शेवटी म्हटलं, "माझ्या नोकरीचा विचार करू नका. मी झरीला जाईन. तुम्ही पोरीचं पाहा."

मग पहिलीतल्या जुळ्यांची आई उठली. "मॅडम, कांचन आमाले का परकी हाय? पन माह्ये दोघं आत्ता शाळेत आले. शाळा बंद झाली तर नाल्यापार कशे जातीन ते? एका पोट्टीसाठी सगळ्याईचं…" आणि ती खाली बसली.

सगळे देविदासभाऊंकडे पाहू लागले. ते भिंतीला टेकून उभे होते.

"मीच गेलतो बोलवाले," ते म्हणाले. "मले वाटलं, नुसतं नाव लावल्यानं कोनाचं का जाते? मॅडम राह्यतीन, माह्यी पोट्टी शिकन. एवढंच डोक्यात होतं माह्या." मग सरांकडे वळून म्हणाले, "सर, देऊन टाका सही. शाळा बंद नाही करता येत. मी अध्यक्ष हावो."

तेव्हा बायांमधून कांचनची आई उभी राहिली. सुनंदाबाई कधी सभेत तोंड उघडत नसत. त्या दिवशी उघडलं.

"अध्यक्ष हाव, अध्यक्ष हाव! मंग पोट्टीचा बाप कोन होईन? घाटंजीहून एखादा बोलावून आना आता, पटावर लावाले!"

देविदासभाऊंनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि बाहेर निघून गेले. सभा तिथंच संपली. राठोड सरांनी माझ्यासमोर सही केली, शिक्का मारला. मी खिडकीतून बाहेर पाहत राहिले, दुसरं काय करणार?

आर्या निवासी विद्यालयात गेली. प्रतीक्षा यादी जागची हलली नाही.

पण गंमत पुढंच आहे. पंचायत समितीत आमच्या शाळेचा सत्कार झाला. 'दुर्गम भागातील शाळेचे उज्ज्वल यश.' शाल, श्रीफळ, टाळ्या. तेच वांग्याचे साहेब हार घेऊन पुढं आले. राठोड सरांनी वाकून घेतला. मला बोलावलं तेव्हा मी उठले नाही. "मॅडमची तब्येत बरी नाही," सरांनी सांगून टाकलं.

जूनमध्ये शाळा उघडली, तर दारात गाड्या. घाटंजीचे, एक तर थेट पांढरकवड्याचे. "मॅडम, तुमच्या शाळेतून लागतात म्हणे मुलं. आमच्या चिरंजीवाचं नाव तिसरीत घ्याल का?" आता कोणाला बोलवायला जायची गरज उरली नव्हती. पाहुणे आपल्या पायानं येत होते. पट इतका वाढला की तिसऱ्या शिक्षकाची मागणी करता आली असती. देविदासभाऊंनी अध्यक्षपद सोडलं होतं. नव्या अध्यक्षांनी सगळ्यांना चहा पाजला.

कांचन नाल्यापारच्या शाळेत सहावीत गेली. नाला भरला की घरी, ओसरला की शाळेत. असं दिवाळीपर्यंत चाललं. मग वेचणी आली आणि ती बहिणीबरोबर शेतात गेली ती गेलीच. मी दोनदा घरी जाऊन भांडले. सुनंदाबाई म्हणाल्या, "बसा मॅडम, चहा घ्या."

एकदा शाळेत जाताना ती मला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर भेटली. कमरेला ओटी बांधलेली, कापसानं भरलेली. मी गाडी थांबवली. तिनंच विचारलं.

"मॅडम, ते जागा मले भेटली असती, त तुमची बदली झाली असती ना?"

"झाली असती."

तिनं कमरेची ओटी सावरली. "मंग शाळा बी बंद झाली असती?"

"बहुतेक."

"मंग बरंच झालं," ती म्हणाली आणि माझी समजूत काढल्यासारखी हसली. अकरा-बारा वर्षांची पोर! मी तिला रागावले, "बरं काय झालं, मूर्खासारखं बोलू नको." ती दचकली. मग तिला कापसाच्या ओळीतून हाक आली आणि ती पळाली.

मी त्याच शाळेतून रिटायर झाले. निरोपाच्या भाषणात सगळे म्हणाले, मॅडमनी शाळा टिकवली. शाळा आजही चालू आहे, पट उत्तम आहे. नवीन शिक्षक भेटले की मी त्यांना एवढंच सांगते: शाळा खुशाल वाचवा, फक्त वाचवल्यावर एकदा आत जाऊन बघा, बाकावर कोण बसलंय.